न चावणारा कुत्रा

सहा नंबरच्या खोलीत सिस्टर बावीस वर्षं एकच काम करत होत्या. कुत्रा चावलेली माणसं यायची. सिस्टर जखम धुवायच्या, इंजेक्शन द्यायच्या, पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहायच्या आणि मग रजिस्टर भरायच्या. नाव, वय, जखम कुठे, कुत्रा पाळलेला की भटका, आणि अगदी शेवटी कुत्र्याची जात. या शेवटच्या रकान्याने त्यांचं जितकं डोकं खाल्लं होतं, तितकं बावीस वर्षांतल्या सगळ्या जखमांनी मिळून खाल्लं नव्हतं.

"कसला कुत्रा होता?"

"शेजाऱ्यांचा."

"हो, पण कुठल्या जातीचा?"

"शेजाऱ्यांच्याच. तेही तसलेच आहेत."

कोणी सांगायचं, मोठा होता. कोणी सांगायचं, तांबडा. एक पोस्टमन तर भडकलाच होता. "बाई, मी पळत होतो, माझी त्याच्याकडे पाठ होती. कुठे चावलाय ते बघा की!" मग सिस्टर अंदाजाने लिहायच्या. कान उभे सांगितले की जर्मन शेफर्ड. डोकं रुंद सांगितलं की पिटबुल. छोटा, केसाळ, भुंकून जीव नकोसा करणारा असला की पॉमेरेनियन. काहीच सांगता आलं नाही की मिश्र. रांग दाराबाहेर गेलेली असायची. तिथे जास्त विचार करत बसायला कोणाला सवड होती?

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एका बंगल्याचं फाटक उघडं राहिलं आणि आतला रुंद जबड्याचा कुत्रा बाहेर आला. एक निवृत्त वॉचमन सकाळचे फिरायला निघाले होते. कुत्र्याने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. दोघा-तिघांनी बादल्यांनी पाणी मारलं, काठ्या घातल्या, तेव्हा कुठे सुटका झाली. हात वाचला, पण बोटं मिटेनाशी झाली. तीन दिवस पेपरात त्या हाताचा फोटो येत राहिला. लोकांनी सह्यांची मोहीम काढली: असले कुत्रे शहरात नकोत. नगरपालिकेने ठरवलं की धोकादायक जातींची यादी करायची. पण यादीत नावं कुठली घालायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा कोणाला तरी सहा नंबरच्या खोलीतल्या रजिस्टरांची आठवण झाली.

हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर कागदांच्या ढिगाआडून म्हणाले, "सिस्टर, पाच वर्षांची रजिस्टरं काढा. कुठली जात किती वेळा चावली, असा तक्ता हवाय. दहा दिवसांत."

"डॉक्टर, तो रकाना म्हणजे निम्माशिम्मा अंदाज आहे."

"कोणाचा अंदाज?"

"माझाच."

"मग चांगलंच आहे की. अनुभवी माणसाचा अंदाज आहे." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मोठ्या डॉक्टरांनाही दोन वर्षांत रजा मिळाली नव्हती, हे सिस्टरना माहीत होतं. त्या परत आल्या.

दुपारी रांग संपली की सिस्टर पाय स्टुलावर ठेवून रजिस्टरं उघडायच्या. एकेका नोंदीला एकेक रेघ, पाचवी रेघ आडवी. सहा हजारांवर नोंदी होत्या. सगळं त्यांचंच अक्षर. सोमवारचं अक्षर नीट, शनिवारचं पाय ओढत चाललेलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की जवळजवळ दोन तृतीयांश ठिकाणी जात लिहिलेली तरी नाही, नाहीतर 'मिश्र' लिहिली आहे. उरलेल्यांत सगळ्यांत जास्त कोण चावलं होतं? लॅब्राडॉर. चारशे बारा वेळा. ज्यांच्यावरून शहर पेटलं होतं ते पिटबुल, एकसष्ट वेळा.

सिस्टरनी रेघा पुन्हा मोजल्या. आकडा तोच आला.

मग त्यांनी आणखी एक रकाना पाडला: किती जणांना ऑपरेशनला पाठवावं लागलं. लॅब्राडॉरच्या चारशे बारांपैकी एकोणीस. पिटबुलच्या एकसष्टांपैकी चौदा. म्हणजे एक चावायचा जास्त, पण दुसरा चावला तर जवळजवळ चौघांतला एक थेट ऑपरेशनच्या टेबलावर. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एका वाक्यात मावत नव्हत्या.

शिवाय शहरात कुठल्या जातीचे कुत्रे आहेत किती? दर दुसऱ्या घरात लॅब्राडॉर असला, तर चावणारेही त्यांच्यातलेच जास्त निघणार. सिस्टरनी कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या ऑफिसात फोन लावला.

तिथला क्लार्क म्हणाला, "परवाने अकराशे आहेत. पण जातीचं विचारू नका."

"का हो?"

"जात लिहायच्या जागी लोक कुत्र्याचं नाव लिहितात. आमच्याकडे टायगर जातीचे एकशेसाठ आहेत."

सिस्टरना कित्येक दिवसांनी हसू आलं. फोन ठेवल्यावर ते ओसरलं. परवाना न काढलेले किती, हे तर देवालाच ठाऊक.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर दुपारचा चहा घेऊन यायचा. तो दोन कप टेबलावर ठेवायचा आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकायचा. त्याच्याकडे बेबी होती. रुंद डोकं, आखूड केस, छाती पैलवानाची. कोणीतरी रस्त्यात सोडून दिलेली ती कुत्री त्याने चार वर्षांपूर्वी घरी नेली होती. त्या दिवशी तो चहा न पिता रजिस्टरकडे बघत राहिला.

"सिस्टर, खरं सांगा. माझ्या बेबीचं काय निघतंय त्यात?"

"तुझ्या बेबीचं काही निघत नाही रे. तिच्यासारख्या दिसणाऱ्यांचं निघतंय."

"चार वर्षांत तिने कोणाच्या अंगावर आवाजसुद्धा काढला नाही. माझी आई तिला पायाशी घेऊन झोपते."

"असेल. पण ती चावलीच, तर सहज सोडणार नाही. तेवढी ताकद आहे तिच्यात. बहिणीचं पोर येतं ना तुझ्याकडे? दोन वर्षांचं?"

"येतं."

"दोघांना खोलीत एकटं सोडू नकोस. कधीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्हीसुद्धा पेपरवाल्यांसारखंच बोलायला लागलात," म्हणाला आणि कप उचलून गेला. पुढचे चार दिवस चहा आला नाही.

रविवारी सिस्टर धाकट्या भावाकडे गेल्या. भावाचं टक्कल चमकायला लागलं होतं, तरी घरात त्याला बाळूच म्हणत. बाळू, त्याची बायको आणि सिस्टरचे बाबा असे तिघं त्या घरात राहायचे. बाबा एक्याऐंशी वर्षांचे. भाचीच्या हट्टापायी सात वर्षांपूर्वी लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं होतं. पांढरंशुभ्र, म्हणून त्याचं नाव कापूस. भाची शिकायला परगावी गेली आणि कापूस बाबांचा झाला. बाळू आणि भावजय सकाळी आठला बाहेर पडायचे, संध्याकाळी सहाला यायचे. मधले दहा तास घरात एक म्हातारा माणूस आणि एक म्हातारा होत चाललेला कुत्रा.

त्या दिवशी बाबांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं.

"हे काय?"

"दारात सापडला हात," बाबा म्हणाले.

"परवा," भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली. "मलम लावलंय मी. सूज उतरेल म्हणाले केमिस्ट."

कापूस कोपऱ्यात पडून होता. एरवी सिस्टर आल्या की शेपटीने टीपॉयवरच्या वस्तू खाली पाडायचा. आज त्याने मान एका बाजूला तिरकी धरली होती आणि नुसते डोळे फिरवले. सिस्टर बाबांजवळ बसल्या आणि बँडेजचं टोक सोडायला लागल्या.

"अगं, राहू दे. आत्ताच बांधलंय."

सिस्टरनी सोडलंच. वर दोन खोल भोकं, खाली दोन, भोवती काळंनिळं आणि मधे पिवळट ओलावा. दारात सापडलेला हात कसा दिसतो हे त्यांनी पाहिलं होतं. आणि हेही त्यांनी आठवड्याला वीस-पंचवीस वेळा पाहिलं होतं.

"बाळू, कोण चावलं?"

बाळूने पेपर खाली केला. "कोणी नाही. दार लागलं म्हणाले ना बाबा."

"दाराला दात असतात का?"

बाबांनी सुटलेलं बँडेज पुन्हा हाताशी ओढलं. मग बाळू म्हणाला, "ताई, तू दिवसभर तेच बघतेस म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं. कापूस आहे तो. लॅब्राडॉर आहे. लॅब्राडॉर चावत नाही. आंधळ्या माणसांना रस्ता दाखवतात ते कुत्रे!"

सिस्टरना त्याच्यावर ओरडायचंही त्राण नव्हतं. चारशे बारा रेघा त्यांच्या डोळ्यांपुढून सरकल्या. त्यांनी बाबांना हाताला धरून उठवलं, मोरीच्या नळाशी नेलं, स्टूल ठेवलं, साबण घेतला आणि पाणी सोडलं. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते. ती चावल्या चावल्या धुवायची असते, तिसऱ्या दिवशी नाही. पण न धुण्यापेक्षा हे बरं.

पंधरा मिनिटं फार मोठी असतात. पहिली पाच बाबा भिंतीकडे बघत होते. नळाच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही, याची खात्री झाल्यावर ते हळूच म्हणाले, "त्याची चूक नाही गं पोरी."

"मग कोणाची?"

"माझा चष्मा पडला खाली. तो झोपला होता. मी वाकलो, तोल गेला, आणि हात नेमका त्याच्या कानावर टेकला. चावला आणि लगेच सोडलंन. मग तोच बिचारा पलंगाखाली जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही."

"अचानक?"

"अचानक कसं म्हणू? तीन आठवडे सांगतच होता तो. कानाजवळ हात गेला की घशातल्या घशात गुरगुरायचा. बाळू चिडला. पेपरची गुंडाळी करून नाकावर दोन-तीनदा हाणली. मग गुरगुरणं बंद झालं. आम्हाला वाटलं, शहाणा झाला."

सिस्टरनी साबण पुन्हा फासला. बाबांनी ओठ आवळले, पण हात मागे घेतला नाही.

"मला फोन करायचा होतात."

"तू आली असतीस. मग डॉक्टर, मग इंजेक्शनं, मग घरात बोलणी. सूनबाईंनी आधीच म्हटलंय, एकदा जरी दात लागला तरी याला बाहेर काढणार. काढला तर मी दिवसभर काय करू? टीव्हीसमोर बसू? मला त्यातलं अर्धं ऐकू येत नाही."

"आणि पिसाळलेला असता तर?"

"तो कसला पिसाळतोय," बाबा म्हणाले, पण आवाज बारीक झाला.

बाहेर येऊन सिस्टरनी कापसाचं लसीचं कार्ड मागितलं. बाळू म्हणाला, "त्याला सगळ्या लसी दिल्यात." कार्ड शोधायला वीस मिनिटं गेली. ते शेवटी भाचीच्या जुन्या दप्तरात सापडलं. शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची होती. बाळू कार्ड उलटसुलट करून बघत राहिला, जणू मागच्या बाजूला आणखी एखादी तारीख निघेल.

सिस्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला बाबांना सहा नंबरला आण. आणि कापसाला दुपारी प्राण्यांच्या डॉक्टरकडे. त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागेल. आज बाबा माझ्याकडे येतायत, उद्या तिथूनच घेऊन ये त्यांना."

बाबांची पिशवी भरताना भावजय जवळ आली. तिचे डोळे लाल होते. "ताई, मला खरंच वाटलं दारच लागलं म्हणून. यांनी मला तसंच सांगितलं." ती शाळेत शिकवायची, मुलांचं खोटं तिला लगेच कळायचं. सासऱ्यांचं कळलं नव्हतं, किंवा दिवसभर दमून आल्यावर कळून घ्यायची ताकद उरली नव्हती. सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती भावना त्यांना चांगली ओळखीची होती.

सोमवारी बाळू बाबांना रांगेत न बसवता थेट आत घेऊन आला. मागच्या बायका कुरकुरल्या. सिस्टरनी त्याला रांगेत पाठवलं. नंबर आल्यावर त्यांनी जखमेभोवतीची इंजेक्शनं दिली, दंडात लसीचा पहिला डोस दिला. बाबांनी हूं की चूं केलं नाही. मग सिस्टरनी रजिस्टर ओढलं.

बाळू टेबलावर वाकला. "ताई, एक ऐक. भटका लिही."

"का?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या वातावरण कसं आहे तुला ठाऊक नाही. त्या सह्या घ्यायला मीच फिरलोय घरोघरी. सत्तावीस सह्या मी आणल्यात. म्हणजे... त्या दुसऱ्या कुत्र्यांसाठी. आता माझ्याच घरचा चावला म्हटलं तर लोक तोंडावर हसतील."

"हसू देत."

"अगं, एका नोंदीने तुझ्या तक्त्यात काय फरक पडणार आहे?"

सिस्टरनी पेन थांबवलं. बाळूचा प्रश्न वाईट नव्हता. तोच प्रश्न त्या गेले आठ दिवस स्वतःला विचारत होत्या. या सहा हजार नोंदींत असे किती बाळू टेबलावर वाकले असतील? किती घरचे कुत्रे भटके म्हणून लिहिले गेले असतील? आणि रांग लांब होती म्हणून त्यांनी स्वतः किती वेळा समोरचा सांगेल ते लिहून मोकळं केलं असेल?

"मला फरक पडतो," त्या म्हणाल्या आणि लिहिलं: कुत्रा पाळलेला, घरचाच. जात लॅब्राडॉर. शेजारी जागा नव्हती, तरी बारीक अक्षरात आणखी घातलं: झोपेत असताना दुखऱ्या कानाला धक्का. आधी तीन आठवडे गुरगुरत होता.

बाबांना सिस्टरच्या घरी पोचवून बाळूने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कापसाला घेऊन गेला. सिस्टरही ड्यूटी संपवून तिथे पोचल्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई जाडजूड आणि तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी कापसाच्या तोंडाला मुसकं बांधलं. बाळू म्हणाला, "त्याची काही गरज नाही, तो..." आणि तिथेच थांबला. डॉक्टरीणबाईंनी कान वर उचलला. आतून असा वास आला की बाळू दोन पावलं मागे सरकला. कापूस लहान पोरासारखा केकाटला.

"किती दिवस मान तिरकी धरतोय?"

"महिना झाला असेल," बाळू म्हणाला. "आम्हाला वाटलं, लाडात येऊन करतो."

"आत सगळं पिकलंय. माणसाला एवढं झालं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं." त्या हात धुवायला गेल्या. "लोक मला विचारतात, कुठली जात चावत नाही? मी सांगते, दात नसलेली."

परतताना बाळू गाडी चालवत होता आणि मागच्या सीटवर कापूस मुसकं घालून झोपला होता. सिग्नलला बाळू एकदम म्हणाला, "मी त्याला गुरगुरला म्हणून मारलं, ताई." सिस्टर म्हणाल्या, "हो." सिग्नल सुटला.

दहाव्या दिवशी सिस्टरनी तक्ता दिला. सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान जोडलं होतं. त्यात लिहिलं होतं की जातीचा रकाना भरवशाचा नाही. शहरात कुठले कुत्रे किती आहेत हे माहीत नसताना कुठली जात जास्त चावते हे ठरवता येत नाही. मोठ्या ताकदीचे कुत्रे कमी वेळा चावल्याचं दिसतं, पण त्यांची जखम फार वाईट असते, म्हणून त्यांच्या मालकांवर जास्त जबाबदारी हवी. आणि दहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचाच कुत्रा चावलेला आहे, तोही तोंडावर.

मोठ्या डॉक्टरांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"सिस्टर, बरोबर आहे हे. पण त्यांना चार नावं हवी आहेत. चार नावं छापता येतात. हे पान छापता येत नाही."

"मग नुसता तक्ता पाठवू नका."

"मी सगळं पाठवतो. पुढे काय होईल ते आपल्या हातात नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी सगळं पाठवलं. पुढे कुठल्या तरी टेबलावर ते पान गळलं. दोन आठवड्यांनी पेपरात यादी आली, चार जातींची. लॅब्राडॉरचे चारशे बारा कोणाला दिसलेच नाहीत. किंवा दिसले असतील, पण इतक्या घरांतल्या इतक्या मतदारांना कोण दुखवणार?

यादी लागली त्या दुपारी ड्रायव्हर चहा घेऊन आला. बेबी यादीत होती. त्याने परवान्याचा अर्ज आणला होता, भरायला मदत हवी होती. बाहेर नेताना मुसकं, आखूड साखळी, घराला उंच फाटक, असं सगळं त्यात होतं.

"फाटक आधीच घातलंय," तो म्हणाला. "तुम्ही बोललात त्याच आठवड्यात. राग आला होता तुमचा. पण बहीण पोराला घेऊन आली, आणि ते पोर बेबीच्या ताटलीकडे दुडुदुडु निघालं. बेबीने काही केलं नाही हो. नुसती ताठ झाली. आधी माझ्या ते लक्षातही आलं नसतं."

"मग?"

"उचललं पोराला." त्याने चहाचा घोट घेतला. "आई रडते, मुसकं बघून. म्हणते, हिने कोणाचं काय केलंय?"

सिस्टरनी अर्ज पुढे ओढला आणि जातीच्या जागी जात आणि नावाच्या जागी बेबी लिहिलं.

एवढे दिवस बाबा त्यांच्याकडेच होते. सिस्टरचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि तिसरा मजला. त्या सकाळी सातला निघायच्या आणि चारला परतायच्या. बाबा एका हाताने भांडी विसळून ठेवायचे, पेपर तोंडपाठ होईपर्यंत वाचायचे. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. सिस्टरच्या लक्षात आलं होतं की हल्ली त्या जिने भराभर चढतात. दार उघडायला आत कोणीतरी आहे, याची सवय इतक्या लवकर लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाबांसाठी खिडकीजवळ आरामखुर्ची घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. दुकानात जाऊन त्या एकदा बसूनही आल्या होत्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा डोस झाला. जखमेवर गुलाबी कातडी आली होती. कार्डावर शेवटची सही करताना सिस्टर म्हणाल्या, "सुटलात."

"मग मला बाळूकडे सोड आज."

सिस्टरनी कार्ड मिटलं. "इथे काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी काही नाही गं. तू कामावर जातेस, मग मी भिंतीशी बोलतो. भिंत नुसती ऐकते. तो निदान कान हलवतो."

"तो चावलाय तुम्हाला, बाबा."

"चावला. माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर झोपेत कोणी असा भार टाकला असता, तर मीही चावलो असतो. दात असते तर."

सिस्टर हसल्या आणि कार्ड बाबांच्या खिशात सरकवलं. दोन घरांची दारं उघडी होती आणि बाबांनी दुसरं निवडलं होतं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दहा तास त्यांनाच काढायचे होते.

संध्याकाळी त्या बाबांना घेऊन गेल्या. बाळूने बैठकीच्या खोलीत कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं होतं, म्हणजे कापसाचा कोपरा वेगळा झाला. बाबा खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. फाटक उघडल्यावर कापूस आला, मान आता सरळ होती. त्याने बाबांची पावलं हुंगली, पॅंट हुंगली, हातावरची गुलाबी खूण हुंगली. मग जरा दूर जाऊन, बाबांकडे तोंड करून बसला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात मांडीवरच राहिले.

बाळू सिस्टरना पोचवायला खाली आला. जिन्यात म्हणाला, "ताई, आता मी लोकांना सांगत नाही, तो चावत नाही म्हणून."

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, आत यायच्या आधी मला हाक मारा." मग म्हणाला, "वरच्या मजल्यावरचे हसले. मी म्हटलं, हसा."

"गाडीने सोडू का?" असंही त्याने विचारलं. सिस्टर नको म्हणाल्या, मग दोन पावलं टाकून परत फिरल्या आणि सोड म्हणाल्या. पाय अगदी भरून आले होते.

घरी आल्यावर त्यांनी बाबांच्या पलंगावरची चादर काढली, तिची घडी घातली. मग घडी मोडून ती पुन्हा पसरली. दहा मिनिटं पाठ टेकते, असं म्हणून त्या तिथेच आडव्या झाल्या. बाहेर अजून उजेड होता. कुठेतरी खाली एक कुत्रा भुंकत होता आणि कोणीतरी त्याला गप्प बसायला सांगत होतं. कुठल्या जातीचा असेल, हा विचार डोक्यात येण्याआधीच सिस्टरना झोप लागली.